आमेन होईपर्यंत

साकीनाक्याच्या त्या गल्लीत क्लेमेंट कोलासोच्या गॅरेजातून गाडी पास झाली, असं कोणी म्हणत नसे. 'आमेन झाला' म्हणत. आझमगडचा टेम्पोवाला असो, घाटकोपरचा गुजराती शेठ असो, नाहीतर पाण्याच्या टँकरवरचा सरदार, तिघांच्या तोंडी तेच. "अंकल, आमेन झाला काय? निघू काय?"

त्याचं असं होतं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडाचा गोल डबा लटकतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. आत दातेरी चाकांची जोडी असते, मोठं ते क्राऊन आणि धाकटं ते पिनियन. ही जोडी नीट बसली नाही की डबा तापतो. तो किती तापलाय हे दाखवणारी यंत्रं हल्ली बाजारात मिळतात, पण क्लेमेंटचं यंत्र त्याच्या मनगटालाच जोडलेलं होतं. काम झालं की गाडी मुलुंडपर्यंत पळवून आणायची, खाली सरपटायचं, उजवा तळवा डब्यावर टेकवायचा आणि 'नमो मारिया' ही प्रार्थना सुरू करायची. घाई नाही, रविवारी देवळात म्हणतात त्याच चालीत. आमेनपर्यंत हात टिकला तर गाडी बरी. मध्येच काढावा लागला तर परत खोला. मरोळ गावठाणातल्या त्याच्या म्हाताऱ्या उस्तादाची ही रीत, आणि क्लेमेंटनं ती अडतीस वर्षं चालवली होती.

गॅरेज दोघांचं. क्लेमेंट आणि दशरथ. दशरथ कुडाळकडचा, बाप गिरणीत होता. इंजिन त्याचं, मागचा भाग क्लेमेंटचा, अशी सुरुवातीपासूनची वाटणी. दोघांनी एकमेकांना भरपूर शिव्या दिल्या होत्या आणि एकाच डब्यातून भरपूर जेवलेही होते. दोन वर्षांपूर्वी दशरथनं काट्यावर जोर मोजणारा एक पाना आणला. नट किती आवळला ते त्यावर आकड्यात दिसतं. क्लेमेंटनं तो दोनदा फिरवून बघितला आणि खोक्यात परत ठेवला. "तुझ्या पोरीच्या लग्नात आहेर कर," म्हणाला. खोकं फळीवरच राहिलं.

क्लेमेंटला अकरा वर्षं साखर होती. वर्षभरापासून चालताना पायातली चप्पल सुटून मागं राही आणि चार पावलं गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगे. डॉक्टरनं टाचणी टोचून बघितली, पाय बधिर होत चाललेत म्हणाला, रोज रात्री पाय तपासत जा म्हणाला. क्लेमेंटची बायको क्लॅरिस रोज बॅटरी घेऊन त्याचे तळपाय बघायची. हातांकडे कोणी बघितलं नाही. चहाचा स्टीलचा ग्लास, बाकीचे लोक रुमालात नाहीतर दोन बोटांच्या टोकांवर धरतात तो, क्लेमेंट मुठीत घट्ट धरून पीत असे. गल्लीतल्या पोरांना त्याचं कौतुक. "मेकॅनिकचा हात आहे बॉस, चामडं झालंय!" क्लेमेंटलाही ते आवडायचं. चार शहाणी माणसं रोज हे बघत होती आणि बधिर हाताला राकट समजत होती. अशी आपली अक्कल.

मेलरॉय मढचा. चौतीस वर्षांचा, लग्न झालेला, एक पिकअप गाडी चालवायचा. रोज पहाटे मढच्या किनाऱ्यावरून बर्फ आणि मासळी भरून मरोळच्या बाजारात आणायचा. क्लेमेंटच्या मेव्हण्याचा मुलगा, आणि मढच्या देवळात त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं होतं ते क्लेमेंटनंच. तेव्हा डोक्यावर पाणी पडताच त्यानं इतका टाहो फोडला की क्लेमेंट पाद्रीला म्हणाला होता, याला हॉर्न बसवलाय.

जानेवारीत मेलरॉय तक्रार घेऊन आला. भरलेली गाडी किनाऱ्यावरच्या रेतीतून वर येताना दम टाकते, धक्का मारायला चार माणसं लागतात. क्लेमेंटनं उपाय सांगितला. क्राऊन-पिनियनची जोडी बदलायची. दातांचं प्रमाण वेगळं घेतलं की गाडी पळायला थोडी कमी पळते, पण ओढते बैलासारखी. दोन दिवसांत काम झालं. जोडी बसवली, दाताला दात कसा टेकतो ते रंग लावून तपासलं, सगळं मनासारखं. शेवटचं काम उरलं नट आवळायचं. पिनियन दोन बेअरिंगांवर फिरतं आणि त्यांच्यावर किती दाब ठेवायचा ते त्या नटावर ठरतं. सैल राहिला तर दात एकमेकांना खातात, जास्त आवळला तर बेअरिंग तापतात. क्लेमेंट थोडं आवळायचा, पिनियन बोटांनी फिरवायचा, परत थोडं आवळायचा. बोटांना किंचित अडलं की थांबायचं. त्या दिवशी त्याला बराच वेळ अडलंच नाही, म्हणून तो आवळत राहिला.

गाडी मुलुंडला जाऊन आली. आमेन झाला. मेलरॉय शीळ घालत गेला.

चार दिवसांनी परत आला. "अंकल, रेतीतून एकदम झकास चढते. पण मागून जळका वास येतो."

"नवीन दात आहेत. एकमेकांशी ओळख व्हायला हजार किलोमीटर लागतात," क्लेमेंट म्हणाला. ते खोटं नव्हतं, नवी जोडी सुरुवातीला थोडी तापतेच. त्यानं तेल बदललं, हात ठेवला, आमेन झाला.

आणखी आठवड्यानं मेलरॉय सकाळी बाजारातून परतताना थेट गॅरेजसमोर थांबला. मागं रिकाम्या टोपल्यांमध्ये सोनूबाई बसली होती. सोनूबाई मढची मासेवाली. साठी उलटलेली, पण आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मांजरं जागी व्हावीत. ती रोज मेलरॉयच्या गाडीतून यायची जायची, पुढं बसायला सांगितलं तरी मागंच बसायची, टोपल्यांवर नजर हवी म्हणून. क्लेमेंटसाठी महिन्यातून दोनदा बोंबील ठेवायची आणि त्याचे पैसे घ्यायची नाही.

दशरथ आधी खाली सरकला. त्यानं डब्याला हात लावला आणि फटकन काढला. "आयशप्पत! क्लेमू, ह्यो लय तापलोहा रे. माका चटको बसलो."

"तुझा हात आता मोबाईलवर बोटं फिरवायच्या लायकीचा राहिलाय," क्लेमेंट म्हणाला. मेलरॉय हसला. दशरथही ओशाळून हसला, आणि तिथंच सगळं बिघडलं. तो हसला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

क्लेमेंट खाली गेला. तळवा पूर्ण टेकवला, डब्याच्या झाकणाचा बोल्ट तळव्याच्या मधोमध येईल असा, नेहमीसारखा. नमो मारिया. सावकाश, शब्द न शब्द.

"झाला का रं तुझा आमेन?" वरून सोनूबाई ओरडली. "घरी जेवन कराचं हाय मना!"

"आमेन," क्लेमेंट खालून म्हणाला.

त्या रात्री क्लॅरिसनं जेवताना विचारलं, तळव्याला फोड कसला आलाय? क्लेमेंटनं बघितलं. मोठा, पाण्यानं भरलेला फोड. त्याला काही आठवेना. "कुकरला लागला असेल," तो म्हणाला. तिनं त्यावर मलम लावलं आणि मग बॅटरी घेऊन त्याचे पाय तपासले.

पाच दिवसांनी, सकाळी सव्वासहाच्या सुमारास, मार्वे रोडवर शूटिंगच्या बंगल्यांपुढच्या वळणावर मेलरॉयच्या भरलेल्या गाडीची मागची चाकं चालता चालता जागच्या जागी जाम झाली. गाडी फिरली, आडवी झाली, कुंपणाच्या भिंतीला धडकली. मेलरॉयच्या कपाळाला सात टाके पडले. सोनूबाई बर्फाच्या लाद्यांसकट भिंतीवर फेकली गेली. हॉस्पिटलात नेईपर्यंत ती नव्हती.

अंत्ययात्रेला अख्खा कोळीवाडा होता. क्लेमेंट मागं उभा राहिला. कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही, कारण कोणाच्या डोक्यात त्याचं नावच नव्हतं. नाव होतं ते मेलरॉयचं. पहाटेच्या वेळी हे पिकअपवाले कसे सुटतात, बाजार गाठायच्या नादात कसे हाणतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनीही तेच लिहिलं. बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत. मेलरॉय सांगून थकला की मागची चाकं आपोआप जाम झाली. गाडी तपासायला आलेल्या साहेबानं ब्रेक बघितले, स्टिअरिंग बघितलं, मागची चाकं हातानं फिरवली. दोन्ही फिरत होती. यांत्रिक दोष नाही, असा शेरा मारून तो गेला.

मेलरॉय जामिनावर सुटला आणि दुसऱ्या दिवशी साकीनाक्याला आला. डोक्याला पट्टी होती. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"अंकल, मी चाळीसच्या पण खाली होतो. आईची शपथ. चाक लॉक झालं. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तिची मुलगी माझ्या दारात येऊन थुंकली. तुम्ही एकदा डिफरन्शियल खोलून बघा ना."

"त्यात काय बघायचं? मी हात ठेवला होता."

"तरी पण."

"मेलरॉय, मी हात ठेवला होता!" क्लेमेंटचा आवाज चढला. "तेल कुठून भरलंस नंतर? पाणी गेलं असेल आत. खाऱ्या रेतीत गाडी घालायची आणि मग माझ्या नावानं ओरडायचं."

मेलरॉय निघाला. पण पायरीवर थांबला. "मी नाव घेतलं नाही तुमचं, अंकल. पोलिसांना पण नाही सांगितलं काम कुठं केलं ते. ते मला मारत होते तेव्हा पण नाही."

त्यानंतर क्लेमेंटनं दोन दिवस कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी सोडलेली ती गाडी त्यानं स्वतःच ओढून आणवली. शटर अर्धं खाली ओढलं आणि दशरथला म्हणाला, "खोल."

तेल बाहेर आलं ते काळं, पाण्यासारखं पातळ, आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. वास असा की दशरथनं तोंड फिरवलं. तेल पुरेसं होतं. पाणी गेलेलं नव्हतं. क्राऊनचे दात बघितले, दाताला दात जिथं टेकायला हवा तिथंच टेकला होता. म्हणजे जोडी चुकलेली नव्हती. एकेक कारण बाद होत गेलं तसा क्लेमेंटचा चेहरा उतरत गेला. शेवटी पिनियन आणि त्याची बेअरिंग उरली. ती निळी पडली होती. लोखंड कशानं निळं पडतं हे दोघांनाही माहीत होतं.

दशरथनं पिनियन धरून फिरवलं. "खडी भरल्यावानी फिरताहा," तो हळूच म्हणाला. "गरम झाला काय लोखांड फुगता, आवळलेला आणखी आवळता. मग जाम. गार झाला काय परत मोकळा. म्हणान त्या सायबाक चाक फिरताना दिसला."

"सरक. मला बघू दे."

क्लेमेंटनं डोळे मिटले, बोटांनी पिनियन फिरवलं. एकदा, दोनदा, परत उलट्या बाजूला. गुळगुळीत. लोण्यात फिरावं तसं. त्यानं डोळे उघडले.

"कुठं आहे खडी?"

दशरथ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिनियन परत फिरवलं, आणि या वेळी क्लेमेंटला ऐकू आलं. करकर. उभ्या गल्लीला ऐकू जावी अशी करकर. फिरवून बघताना त्यानं स्वतः ती ऐकली नव्हती, कारण बोटं गुळगुळीत सांगत होती आणि त्याचा आयुष्यभर बोटांवर विश्वास होता.

"क्लेमू," दशरथ म्हणाला, "तुका खराच लागूक नाय?"

क्लेमेंटचं लक्ष तिकडे नव्हतं. खाली काढून ठेवलेलं डब्याचं झाकण पडलं होतं, बोल्ट तसेच त्यात अडकलेले. तो त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं उजवा तळवा उलटा केला. फोड फुटून गेला होता, खाली तांबडी कातडी आली होती. इतके दिवस त्यानं ती नुसती बघितली होती, तिचा आकार बघितला नव्हता. सहा बाजू. सहाही बाजू सरळ, आखल्यासारख्या. त्यानं तळवा झाकणावर नेहमीसारखा ठेवला. बोल्टाचं डोकं त्या डागात बरोबर बसलं.

तो खाली जमिनीवर बसला. तेलातच बसला. त्याला भाजलं होतं, कातडी जळेपर्यंत भाजलं होतं, आणि तो प्रार्थना म्हणत होता. वर टोपल्यांमध्ये बसून सोनूबाई विचारत होती, झाला का आमेन. आणि त्यानं सांगितलं होतं, झाला.

"मी मारली तिला," क्लेमेंट म्हणाला. "दशरथ, मी मारली रे तिला."

दशरथनं आधी शटर पूर्ण खाली केलं. मग त्याच्याजवळ उकिडवा बसला. "गप रव. आधी गप रव. सायबान लिवन दिलान, दोष नाय म्हणान. ही बेअरिंगा भंगारात टाकू, नवीन घालू. कोणाक काय्येक कळाचा नाय."

"आणि मेलरॉय?"

"वकील देवया. केस धा वर्सा चालतली. कोण बघता?" पण हे बोलताना त्याचा आवाज फुटला. त्यानं तेलकट हातानंच डोळे पुसले. "माका चटको बसललो, क्लेमू. माका कळललां. मी हात काढून घेतलंय, पण बोलाक नाय. तू आमेन म्हटलंस, म्हणान माकाच वाटला माझो हात खोटो."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून 'अंकल' म्हणून हाक मारली आणि निघून गेला. अडतीस वर्षांत दिवसाढवळ्या शटर पूर्ण बंद असण्याची ही दुसरी वेळ. पहिली दशरथचा बाप गेला तेव्हाची.

मग क्लेमेंट उठला. निळी पडलेली बेअरिंग फडक्यात गुंडाळली, झाकणातला तो बोल्ट काढून खिशात टाकला. "गणपतीपासून ज्यांचं मागचं काम केलंय त्या सगळ्यांना फोन लाव," तो म्हणाला. "गाड्या आहेत तिथं उभ्या करा म्हणावं. एकेक बोलाव आणि खोल. तुझा तो काट्याचा पाना आहे ना फळीवर, तो काढ."

"आणि तू?"

"मी मढच्या बाजूला जाऊन येतो."

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आधी वाटलं, म्हातारा भाच्याला वाचवायला आलाय. असे मामा-काका रोज येतात. त्यानं बेअरिंगकडे बघितलं, त्याला त्यातलं काही कळलं नाही. मग क्लेमेंटनं तळवा टेबलावर उताणा ठेवला आणि खिशातून तो बोल्ट काढून डागावर उभा केला. अधिकाऱ्यानं खुर्ची पुढं ओढली.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही साहेब. तोच गुन्हा आहे."

"तुम्ही स्वतःच्या विरोधात लिहून देताय. कळतंय ना? गॅरेज जाईल. केस तुमच्यावर येईल. वय काय तुमचं?"

"त्रेसष्ट. लिहा."

लिहायला तासभर लागला. मेलरॉयला बोलावून घेतलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहून सगळं ऐकत होता. साखरेचं, नटाचं, करकर ऐकू न आल्याचं. क्लेमेंटनं एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. सही करताना पेन दोनदा बोटांतून निसटलं. याआधीही निसटलं असणार कितीदा, फक्त आता त्यानं ते मोजलं. अधिकारी म्हणाला, आता घरी जा, बोलावू तेव्हा या. गाव सोडू नका.

दोघं बाहेर आले. दुपार होती. पायऱ्यांपुढं जप्त केलेल्या गाड्या उन्हात तापत उभ्या होत्या. क्लेमेंटला बोलायचं होतं, पण काय बोलणार? चाळीसच्या खाली होतास, मला ठाऊक आहे, असं म्हणणार? सोनूबाईच्या मुलीकडे मी जाईन, असं? ते सगळं खरं होतं आणि त्यातल्या कशाचाही आता उपयोग नव्हता. तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"मी तिला मागं बसूच द्यायला नको होतं," मेलरॉय शेजारून म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "वास येत होता, अंकल. शेवटच्या दिवशी पण येत होता. पण तुमचा आमेन झाला होता."

क्लेमेंटनं मान हलवली. मग मेलरॉयच्या बाजूनं काहीतरी हललं असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं खाली बघितलं. मेलरॉयनं त्याचा उजवा हात आपल्या हातात धरला होता. कधी धरला ते क्लेमेंटला समजलं नव्हतं. मेलरॉयच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, म्हणजे तो जोरात दाबत होता. रागानं दाबत होता की मायेनं, हे फक्त त्या हातालाच कळलं असतं.